भिंतीत लपवलेला कचरा

मातीचे घर बांधावे, चार भाज्या लावाव्यात, विजेचा खर्च बेताचा ठेवावा, असा विचार आपल्या समाजातील काही तरुण मंडळी करू लागली आहेत. आरावा खोऱ्यातील किबुत्झ लोटान हा १९८३ साली वसला. तेथे पेंढ्याच्या गाठी रचून, वरून मातीचा गिलावा करून घुमटाकार घरे उभी केली आहेत. जुन्या टायरांत कचरा ठासून, वर माती लिंपून बसायची बाकेही केली आहेत. पाहणारा खूष होतो.

आमच्या वडीलधाऱ्यांना मातीच्या भिंतीचे नवल वाटत नाही. अलिबागकडच्या आपल्या गावांतून कुडाची घरे होती, जमीन शेणाने सारवलेली असे. पावसाळ्यापूर्वी भिंतींना नारळाचे झाप बांधत. मातीत पेंढा का घालतात हे तर पवित्र शास्त्र वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे. फारोने पेंढा बंद केला तेव्हा आपल्या पूर्वजांचे कसे हाल झाले ते निर्गमच्या पाचव्या अध्यायात आहेच. पेंढा नसेल तर वाळताना माती तडकते. असे घर पडले की कौले आणि दोनचार खिळे उरत, बाकीचे मातीला मिळे. शनिवार तेल्यांच्या घाण्यावर गिऱ्हाईक आपले भांडे घेऊन येई. त्यामुळे टाकायला काही नसायचेच.

आता प्रश्न असा पडतो. बाटलीत प्लॅस्टिकच्या पिशव्या व वेष्टने ठासून तिची वीट करावी आणि ती मातीच्या भिंतीत चिणावी, हे पुण्य की लबाडी?

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा जवळजवळ असाच विचार करून ठेवला आहे. तल्मूदच्या बाबा कामा या भागात काटे व काचांची चर्चा आहे. जुन्या काळचे धर्मशील लोक आपले काटे व काचा आपल्याच शेतात तीन मुठी खोल पुरत, नांगराला लागू नयेत म्हणून. मग पुढचा मुद्दा येतो. एखाद्याने दुसऱ्याच्या भिंतीत काचा लपवल्या, मालकाने भिंत पाडली, काचा रस्त्यावर पडून कोणाला इजा झाली, तर दोष कोणाचा? लपवणाऱ्याचा. पण रब्बी योहानान म्हणतात, भिंत डळमळीत असेल तरच. भिंत धड असेल तर ती पाडणाऱ्या मालकाने पाहायला हवे होते.

म्हणजे सारे भिंतीवर येऊन ठरते. आराव्यात पाऊस जवळजवळ नाहीच, तेथे मातीची भिंत धड समजावी. आत बंद असलेल्या प्लॅस्टिकला ऊन लागत नाही, म्हणून त्याचा भुगाही लवकर होत नाही. वादीच्या पात्रात उन्हाने तुकडे होऊन वाऱ्यावर उडण्यापेक्षा ते भिंतीत बरे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गालीलमध्ये हिवाळ्यात पाऊस झोडपतो. तेथे दरवर्षी लिंपण न केल्यास भिंत डळमळीतच म्हणायची. आणि मातीच्या घराचा मोठा गुण हा की ते मागे काही ठेवत नाही. प्लॅस्टिक घातले की तो गुणच गेला. आपल्या नातवंडांना घराऐवजी ढिगारा मिळेल.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. रानात पडलेला, कोणी उचलत नाही असा कचरा गोळा करून बाकाच्या पोटात घालावा, त्यात गैर नाही. पण भिंत भरायची म्हणून सोड्याच्या बाटल्या रिकाम्या करणे हा शुद्ध वेडेपणा. डिसेंबर २०२१ पासून मोठ्या बाटलीवरही ३० आगोरोत परत मिळतात. ती बाटली पुन्हा कामास येते, भिंतीत गेलेली येत नाही.

सरकारकडे बोट दाखवून चालायचे नाही. २०१७ पासून मोठ्या दुकानांत पिशवीला १० आगोरोत पडतात. एकदाच वापरायच्या ताटवाट्यांवर नोव्हेंबर २०२१ मध्ये कर बसला आणि २०२३ च्या सुरुवातीस उठलाही. कर असो वा नसो, आपल्या मलिद्याला पोहे, खोबरे व फळे प्लॅस्टिकच्या ताटलीतच येतात. सण आटोपल्यावर काळ्या पिशव्या किती भरतात हे भगिनींनाच विचारावे. (धुणार कोण, हा त्यांचा उलट प्रश्न रास्त आहे. पुरुषांनी त्याचे उत्तर बाह्या सावरून द्यावे.)

तरुणांची एक अडचण मात्र खरी आहे. सारवणात शेण किती, माती किती, भेग पडल्यास काय करावे, हे त्यांना पुस्तकांत नीट सापडत नाही. आपल्यातील ज्या आजीबाईंनी कोकणात स्वतःच्या हाताने ओटी सारवली आहे त्यांनी आम्हांस लिहावे, किंवा नातवाकडून लिहून घ्यावे. पुढील अंकात ते छापू.