तळघरातले पुण्य

दारूची बाटली विकत घ्यावी आणि वर पुण्यही लागावं, अशी सोय आमच्या लहानपणी नव्हती. माझं बालपण मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या छत्राखाली गेलं. आमच्या गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांकडे 'परमिट' होतं. प्रकृतीसाठी ह्यांना मद्याची गरज आहे, असं त्यावर सरकारने लिहून दिलेलं होतं. त्यांची प्रकृती उत्तम होती. तरी त्यांच्या दारावरून जाताना आई आमचा दंड धरून चालण्याचा वेग वाढवत असे. असल्या संस्कारांत वाढलेल्या माणसाच्या घरी, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, वाइनचं तळघर व्हावं आणि तेही धर्मादायातून व्हावं, ह्याला दैवगती म्हणायचं की अमेरिका, हे तुम्हीच ठरवा.

१९७४ साली मी न्यू जर्सीत आलो. इथे धर्मादाय करायचा म्हणजे आधी कपडे करावे लागतात. आपल्याकडे देवळाच्या पेटीत चार आणे टाकायला कोट लागत नाही. इथे जेवण असतं, तिकीट असतं, भाषण असतं आणि शेवटी लिलाव असतो. गेल्या वर्षी आमच्या गावातल्या फूड पँट्रीसाठी, म्हणजे ज्यांना महिनाअखेर घर चालवणं जड जातं त्यांना डबे-पाकिटं-भाजी फुकट देणाऱ्या मंडळींसाठी, असा एक वाइनचा लिलाव झाला. प्रत्येकाने घरातली एक तरी बाटली दान द्यायची, आयोजक त्यांचे गठ्ठे बांधणार, ते आपणच विकत घ्यायचे, आणि पैसे पँट्रीला. भुकेल्यांना जेवू घालण्यासाठी पोटभरल्यांनी प्यायचं, ही कल्पना मला प्रथम जरा चमत्कारिक वाटली. पण ती आमच्या गावची नाही. फ्रान्समधल्या बोन गावात १४४३ साली निकोला रोलँ नावाच्या चॅन्सलरने गरिबांसाठी रुग्णालय बांधलं. लोकांनी त्याला द्राक्षमळे दान दिले. त्या मळ्यांच्या वाइनचा १८५९ पासून तिथे लिलाव होतो, नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी. २०२२ साली त्यातल्या एका खास पिंपाला आठ लाख दहा हजार युरो आले. पिंप २२८ लिटरचं. ह्या रोलँसाहेबांनी आयुष्यभर इतके लोक गरीब केले होते की त्यांच्यासाठी रुग्णालय बांधणं हे त्यांचं कर्तव्यच होतं, असं त्यांच्यामागे लोक म्हणत. म्हणोत. रुग्णालय १९७१ पर्यंत त्याच इमारतीत चालू होतं. त्या पाच शतकांत तिथल्या खाटेवर पडलेल्या किती जणांनी 'आधी रोलँचा हेतू शुद्ध होता का ते सांगा, मगच औषध घेतो' म्हटलं असेल?

आमच्याकडे पिंपबिंप नव्हतं. एका टेबलावर चोवीस बाटल्या उभ्या होत्या आणि पुढे पाटी: 'इन्स्टंट सेलर'. झटपट इडलीच्या चालीवर झटपट तळघर. बाजूला कागद, त्यावर आपलं नाव आणि आकडा लिहायचा, वाटल्यास पुढच्याने त्याखाली वाढवून लिहायचा. मी तीनशे लिहिले. का लिहिले ते अजून कळलेलं नाही. टेबलापाशी उभं राहून नुसतं बघणं बरं दिसत नव्हतं, इतकंच. कोणीतरी तीनशेवीस केले. मग मात्र माझ्यातला गिरगावकर जागा झाला. मी तीनशेचाळीस लिहून पेन खिशात घातलं. पेन आयोजकांचं होतं, आणि त्या टेबलावर दुसरं नव्हतं. लिलाव मी ह्या युद्धनीतीने जिंकला, हे मी हिलाही आजवर सांगितलेलं नाही.

गाडीत बसल्यावर ही म्हणाली, "किती दिलेत?"

"गोरगरिबांसाठी तीनशेचाळीस डॉलर," मी म्हणालो.

"आणि मागे खळखळतंय ते?"

घरी येऊन बाटल्या बाहेर काढायला बसलो. सातवी बाटली ओळखीची वाटली. नाशिकची. तिच्या बुडाशी हिच्या हळदीच्या बोटाचा ठसा होता. तीन वर्षांपूर्वी एका पाहुण्यांनी आणलेली, तेव्हापासून आमच्या फ्रिजच्या डोक्यावर उभी असलेली आणि लिलावासाठी मीच उदार मनाने दिलेली बाटली! म्हणजे मी माझं दान रोख पैसे मोजून परत विकत घेतलं होतं. कन्यादान करून परतावं आणि मुलगी आपल्या आधी घरी पोचलेली असावी, तसं झालं.

आता तळघर. घराखाली बेसमेंट आहे, म्हणजे निम्मं काम झालंच, असा माझा समज होता. ग्रंथालयातून पुस्तक आणलं. वाइनला लागतं पंचावन्न अंश फॅरनहाइट, म्हणजे तेरा सेल्सिअसच्या आसपास, तेही बारा महिने सारखं. अंधार लागतो. हादरे चालत नाहीत. बाटली आडवी हवी, म्हणजे बूच ओलं राहतं. बूच वाळलं की आकसतं, हवा आत शिरते आणि वाइनची वाट लागते. आणि हवेत ओलावा हवा, साठ-सत्तर टक्के. गेली तीस वर्षं मी ज्या तळघरात बुरशी धरू नये म्हणून ओलावा शोषणारं यंत्र रात्रंदिवस चालवून विजेचं बिल भरतो आहे, त्याच तळघरात! घराला कोरडं हवं, बुचाला ओलं हवं. त्यातून एका कोपऱ्यात घर तापवणारी भट्टी. ती थंडीत दर वीस मिनिटांनी अशी थरथरते की हादरे नकोत म्हणणाऱ्या बाटल्यांनी रामरक्षाच म्हणावी.

शेवटी उत्तरेकडच्या भिंतीलगतची जागा ठरली. ती आधीपासून थंड, अंधारी आणि शांत होती, आणि म्हणूनच तिथे हिच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. ही सगळी शास्त्रं हिला पुस्तकाविना येत होती. "लोणचंही असंच मुरतं," ही म्हणाली, "फक्त त्याला आडवं करत नाहीत." दोन बरण्या सरकल्या. जुनं पुस्तकांचं कपाट उलटंपालटं करून त्यात चोवीस बाटल्या आडव्या झाल्या. त्यातल्या नऊ फिरकीच्या झाकणाच्या होत्या, त्यांना आडवं व्हायचं काहीच कारण नव्हतं. पण कपाट रिकामं दिसत होतं. थर्मामीटर लावला. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला 'चला, सेलर दाखवतो' म्हणून खाली नेऊ लागलो, आणि जिन्यातच न विसरता सांगू लागलो, "पँट्रीला देणगी दिली, त्यातून हे आपलं झालं."

ही देणगी एप्रिलात संपली. एप्रिलात इथे आयकराचे कागद भरतात, आणि आमचे भरतो माझा भाचा. तो हिशेबनीस आहे, म्हणजे नात्यात राहून परका.

"मामा, ह्या ३४० मध्ये देणगी कुठे आहे?"

"अरे, भुकेल्यांसाठी दिलेत!"

"पँट्रीच्या पत्रात बघ. बाटल्यांचा बाजारभाव ४५० डॉलर. बाजारभावाच्या वर जे दिलंस, तेवढीच देणगी. तू दिलेस ३४०."

"मग?"

"मग शून्य. खरं म्हणजे तूच त्यांच्याकडून एकशेदहा घेतलेस."

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. पण मनातून चरकलो, कारण अमेरिकन आयकर खात्याने जे केलं होतं ते आपल्या शास्त्रकारांनी केव्हाच करून ठेवलं आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. द्यायलाच हवं म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून, किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. अपमान करून, भलत्या वेळी, भलत्याला दिलेलं तामस. भगवंतांनी बाजारभाव वजा करायला सांगितलं नाही एवढंच. माझं दान कुठल्या खणात बसतं, ह्यासाठी हिशेबनिसाची गरज नव्हती.

तरी माझी बाजूही ऐकून घ्या. बोली लावणारा कोणी नसता तर त्या टेबलावर काय राहिलं असतं? चोवीस बाटल्या. पँट्रीच्या दारात पोरं घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला काय, बाटली देणार होते? बाटलीचा तांदूळ करायला कोणीतरी गिऱ्हाईक लागतंच, आणि ते गिऱ्हाईक मी झालो. ३४० डॉलरचा तांदूळ सात्त्विक पैशाने घेतला काय नि राजस पैशाने घेतला काय, शिजायला तेवढाच वेळ लागतो. पुण्य मला मिळालं नसेल, पण जेवण त्यांना मिळालं. हा युक्तिवाद मी हिच्यापुढे मांडला. ही म्हणाली, "बरोबर आहे. मग गिऱ्हाईक म्हणा ना स्वतःला. जिन्यातून उतरताना देणगीदार कशाला म्हणवता?"

ह्यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

मग एकेक बाटली उघडायला लागलो, आणि दुसराच प्रकार उघडकीला आला. पहिली निघाली बोजोले नूवो. ही नोव्हेंबरातल्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि पुढल्या काही महिन्यांत संपवायची असते. ताज्या ताकासारखी गोष्ट. आमची सात वर्षांची होती. दुसरीचं बूच हातात भुगा होऊन आलं. तिसरीने हिच्या सिंकमधला चुन्याचा डाग काढला. आणि नाशिकची? तिच्यात नाशिककरांचा काहीच दोष नव्हता. फ्रिजच्या डोक्यावर, त्याच्या उष्णतेत आणि घरघरीत, तीन वर्षं मीच तिला शिजवली होती. उकडलेल्या मनुकांची चव लागत होती.

तेव्हा कठोपनिषदातल्या नचिकेताचा बाप आठवला. यज्ञात सर्वस्व दान करायचं म्हणून त्याने गाई काढल्या, पण कुठल्या? ज्यांचं पाणी पिऊन झालं, गवत खाऊन झालं, दूध देऊन झालं. पोरगा बघत होता, त्याला राहवेना. त्याने विचारलं, "बाबा, मला कोणाला देणार?" तीनदा विचारलं, आणि बाप कावून म्हणाला, यमाला. ही गोष्ट शाळेत ऐकली तेव्हा मला बापाचा राग आला होता. आता त्याची पूर्ण सहानुभूती वाटते. सर्वस्व देताना हात आपोआप म्हाताऱ्या गाईकडेच वळतो. घरात लिलावासाठी बाटली शोधताना माझी नजर आधी गेली ती फ्रिजच्या डोक्यावरच. कपाटात एक चांगली होती, मुलाने साठीला दिलेली. ती मी पाहिली आणि कपाट लावून घेतलं.

अशा त्या गोठ्यात एक मात्र दुभती निघाली. १९९० सालचा बोर्दो. साल उत्तम, पातळी बुचापाशी, म्हणजे आयुष्यभर नीट आडवी ठेवलेली. मानेला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, आणि तिच्यावर पुरुषी अक्षरात दोन शब्द होते: 'निवृत्तीच्या दिवशी'.

अक्षर मी ओळखलं. आमच्या पलीकडच्या घरातले गृहस्थ. बर्फ पडला की माझ्या आधी उठून माझ्याही दारासमोरचं उपसून ठेवणारे. एकसष्टाव्या वर्षी, नोकरीत असतानाच गेले. बाटली त्यांच्या बायकोने दिली होती. चिठ्ठी राहून गेली होती, की मुद्दाम ठेवली होती, कोण जाणे.

ही म्हणाली, "परत देऊन या." मला ते पटलं, म्हणून मी बाटली घेऊन गेलो. बाई दारातच म्हणाल्या, "दिलेली वस्तू मी परत घेत नाही. घरात दुसरी कुठलीही बाटली काढता आली असती. बऱ्याच होत्या. पण ती घरात होती तोवर रोज वाटायचं, तो दिवस यायचाय." मग त्यांनी मला चहा दिला आणि हवेच्या गप्पा मारल्या. बाटली टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये होती. निघताना त्यांनी ती आपल्या हाताने पिशवीत घालून दिली. चिठ्ठीसकट.

तेव्हापासून ती बरण्यांशेजारी आडवी आहे. पाहुण्यांना मी ती दाखवत नाही. उघडावी तर कोणत्या दिवशी? माझी निवृत्ती होऊन दहा वर्षं झाली. शिवाय बोर्दो झाला तरी त्यालाही वय आहे. पस्तिशी उलटली, आणखी किती वर्षं टिकेल हे पुस्तकातही लिहिलेलं नाही.

ह्या शनिवारी पुन्हा लिलाव आहे. ह्या खेपेला मी बारा बाटल्यांचा पूर्ण खोका देतो असं कबूल करून बसलो आहे. काल नातीला मदतीला घेतलं. ती खोक्यात भरायला बसली, मी कपाटातून काढून देऊ लागलो. फिरकीच्या झाकणाची पहिली, फिरकीची दुसरी, बोजोलेची बहीण तिसरी. अकरा झाल्या. मुलाने साठीला दिलेली बाटलीही मी वरून आणली होती. ती एकदा हातात घेतली, पुसली आणि फळीवर ठेवली.

"आजोबा, बारावी कुठली देणार?" नातीने विचारलं.

मी थर्मामीटर बघू लागलो.

"आजोबा, कुठली देणार?"

"थांब गं जरा," मी म्हणालो. वरून हिने जेवायला हाक मारली म्हणून बरं झालं. खोका जिन्याच्या पायथ्याशी तसाच उघडा आहे, एका कप्प्याची जागा रिकामी ठेवून.