आजचं चिंतन : त्याच श्लोकातला मासा



आजचा श्लोक : गीता, अध्याय 10, श्लोक 31.

आपल्या विभूती सांगताना भगवंत इथे म्हणतात की, जलचरांमध्ये मी मकर आणि प्रवाहांमध्ये मी गंगा. इतकी वर्षं हा श्लोक म्हणताना माझं मन फक्त गंगेपाशी थांबायचं. नदीच्या शेजारी, त्याच श्लोकात, जलचरही आहे, हे मला परवा आळंदीत कळलं.

आजीला दर्शनाला घेऊन गेलो होतो. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत होता. आजीनं तीर्थ घ्यायला ओंजळ पुढे केली आणि मी तिचा हात धरला. "अरे, तीर्थ आहे ते!" ती म्हणाली. मला उत्तरच देता येईना.

कारण फेस कुठून येतो, ते मला माहीत होतं. मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो. कारखान्यांचं आणि आपल्या बाथरूम-वॉशिंग मशीनचं पाणी नीट शुद्ध न होता नदीत जातं. साबणातली रसायनं बंधाऱ्यावरून पडताना फेसाळतात. मैला कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. देहूच्या डोहातल्या महाशीर माशांना भाविकांनी देवाचे मासे म्हणून अभय दिलं होतं. गळापासून वाचवलं खरं, पण सांडपाण्यापासून कोण वाचवणार?

आमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आहे. वीजबिल वाढतं म्हणून तो बंद ठेवायचं मीटिंगमध्ये ठरलं, तेव्हा मीही हात वर केला होता. आजीला अडवणारा हात तोच.

नदी सगळं पोटात घेते, असं आपण म्हणतो. आईसुद्धा घेते. म्हणून तिला काहीही पाजायचं का?

इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. तीच भीमा उजनी धरणातून पुढे जाऊन पंढरपुरात चंद्रभागा होते. माउलींची पालखी वर्षातून एकदा पांडुरंगाकडे निघते. आपलं सांडपाणी मात्र बाराही महिने त्याच वाटेला लागलेलं असतं.

आजचा नेम : आपल्या घरातलं पाणी मोरीतून पुढे कुठे जातं, ते विचारून या. प्लांट असेल तर तो चालू आहे का, ते स्वतः जाऊन बघा. रविवारच्या मीटिंगमध्ये मी पुन्हा हात वर करणार आहे, या वेळी प्लांट सुरू करण्यासाठी.

राम कृष्ण हरी!