टाकणें आणि वाढणें

प्रवासाहून परत आलेल्या माणसास आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, "काय काय पाहिलें?" आणि दुसरा, "जेवणाखाण्याचें कसें होतें?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर विचारणारा अर्धवट ऐकतो; दुसऱ्याचें मात्र कान देऊन ऐकतो. गेल्या नोव्हेंबरांत आम्ही सहकुटुंब अंदमानास जाऊन आलों, तेव्हां सोलापुरांतील आमच्या शेजाऱ्यांनीं हेच दोन प्रश्न याच क्रमानें विचारले, आणि दुसऱ्याचें उत्तर माझ्या तोंडून सहज निघून गेलें : "सगळें मिळतें हो, पैसे टाकले म्हणजे झालें." उत्तर खोटें नव्हतें. पण घरांत आल्यावर 'पैसे टाकले' हे दोन शब्द चपलेंत शिरलेल्या खड्याप्रमाणें मला टोंचूं लागले. ते कां टोंचतात याचा शोध घेतां घेतां मी एका नीतिप्रश्नापाशीं येऊन पोंचलों. विकत घेतलेल्या अन्नाचें कांहीं ऋण उरतें, कीं किंमत दिल्याबरोबर तें फिटतें? प्रश्न नवा नाहीं. पण तो मला ज्या रीतीनें पडला ती रीत वाचकांपुढें मांडावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

घडलेला प्रसंग अगदींच क्षुल्लक आहे. पूर्वीं हॅवलॉक म्हणून ओळखलें जाणारें आणि २०१८ पासून स्वराजद्वीप हें नांव धारण केलेलें जें बेट आहे, तेथील समुद्रकांठच्या एका भोजनगृहांत आम्ही सहाजण दुपारीं जेवावयास बसलों. उपसागरांत वादळी हवा असल्यामुळें दोन दिवस पोर्ट ब्लेअरहून बोटी आल्या नव्हत्या. (पोर्ट ब्लेअरचें नांव २०२४ मध्यें बदलून श्री विजयपुरम असें झालें आहे, परंतु पुढें इतिहासाचा उल्लेख यावयाचा असल्यामुळें मी जुनेंच नांव वापरतों.) आम्ही शाकाहारी. मुलांनीं चारपानी खाद्यपत्रकांतून निवडलेल्या पदार्थांचें एकेक नांव मी उच्चारीत होतों, आणि वाढपी मुलगा मान हलवून "नहीं है, साब" म्हणत होता. पनीर नाहीं, भेंडी नाहीं, टोमॅटो नाहीं. पांचव्या नकारासरशीं माझ्यांतील परीक्षक जागा झाला. "नाहीं, तर पत्रकांत छापलें कशाला?" असें मीं त्याला आसपासच्या चार टेबलांना ऐकूं जाईल अशा आवाजांत विचारलें. त्यानें उत्तर दिलें नाहीं. थोड्या वेळानें भात, वरण, कच्च्या पपईची भाजी आणि ओल्या नारळाची चटणी, असें जें होतें तें त्यानें आणून वाढलें. मुलांना भाजी आवडली नाहीं. निम्मी तशीच राहिली. मीं बिल चुकतें केलें, वर एक नोट बक्षीस ठेवली, आणि प्रकरण संपलें असें मानून हात धुवावयास मागच्या बाजूस गेलों.

मागच्या पडवींत आचारी आणि तोच मुलगा खालीं बसून जेवत होते. ताटांत तोच भात, तेंच वरण, तीच पपईची भाजी. मला पाहतांच मुलगा किंचित् सरकला आणि म्हणाला, "आइए साब, खाना खाइए." हा उपरोध असावा असें क्षणभर वाटलें, परंतु त्याच्या चेहऱ्यावर उपरोधाचा लवलेशही नव्हता. आपण जेवत असतांना कोणी समोर आलें तर "या जेवायला" म्हणावें, ही रीत जशी आपली तशीच त्याच्या घरचीही होती, एवढाच त्याचा अर्थ. निघतांना मालकाजवळ चौकशी केली तेव्हां कळलें कीं, त्या मुलाचे पणजोबा जंगलतोडीसाठीं छोटा नागपुरांतून अंदमानांत आणलेल्या मजुरांपैकीं. या मजुरांच्या वंशजांना तेथें सरसकट 'रांचीवाले' म्हणतात. त्याच्या आमंत्रणाला मीं काय उत्तर दिलें? "नको, झालें आमचें," असें पुटपुटून मी काढता पाय घेतला.

पुढच्या दालनांत मी गिऱ्हाईक होतों आणि मागच्या पडवींत पाहुणा. मधें एका भिंतीचें अंतर. पुढें जें मिळालें त्याची किंमत मीं पैपैसा दिली, आणि तरीही तेथून अपमान करून निघालों. मागें जें देऊं केलें गेलें त्याची किंमत कोणी मागितली नाहीं, आणि तेथून मी ओशाळा होऊन निघालों. व्यवहाराच्या हिशेबांत हें उलट व्हावयास हवें होतें.

बेटावरचें अन्न म्हणजे काय, हें त्या बोटीच्या खोळंब्यामुळें थोडें उमगलें. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर सुमारें १,२०० किलोमीटर दूर आहे. जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात. गहूं, डाळ, कांदे, बटाटे, तेल हें सारें बहुतांशीं चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टण येथून येतें, आणि मग लहान बोटींतून बेटाबेटांवर जातें. फाळणीनंतर पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांना स्वराजद्वीप आणि शेजारचें शहीदद्वीप येथें वसविण्यांत आलें. त्यांनीं तेथें शेती उभी केली, आणि शहीदद्वीपाचा भाजीपाला आजही पोर्ट ब्लेअरच्या बाजारांत येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही उन्हाळ्यांत तेथें गोड्या पाण्याची ओढ असते. पांच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या आणि चारपांच दिवसांआड नळाला पाणी येण्याची संवय झालेल्या सोलापूरकराला हें सांगावें लागूं नये. पण सुट्टीवर गेलेला माणूस आपली संवय घरीं ठेवून जातो. सोलापुरांत मी भाकरीसोबत आलेली शेंगांची चटणी अर्धा चमचा उरली तरी बोटानें पुसून खातों. बेटावर पपईची भाजी टाकून उठतांना मला कांहींच वाटलें नाहीं. आपल्या गांवींही ताटांतला घांस शेंकडों हातांतून येतो. परंतु रस्ते आणि आगगाड्या ते हात झांकून ठेवतात. बेटावर एक बोट चुकली कीं ते दिसूं लागतात, एवढाच फरक.

हें सारें मीं आमच्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या एका स्नेह्यास सांगितलें. ते हंसले. म्हणाले, "अहो, अॅडम स्मिथनें १७७६ सालींच सांगून ठेवलें आहे कीं, आपलें जेवण खाटिकाच्या आणि पाववाल्याच्या परोपकारबुद्धीवर चालत नाहीं, त्यांच्या स्वहितबुद्धीवर चालतें. त्यांनीं माल दिला, तुम्हीं दाम दिला. आतां ऋण कसलें? आणि ऋण नको म्हणून तर आपण भोजनगृहांत जातों. नातेवाइकाकडे जेवलों तर त्याचें मिंधें व्हावें लागतें." त्यांचा आणखी एक मुद्दा याहूनही वजनदार होता. "तुमच्या जुन्या आतिथ्याचे गोडवे गाऊं नका. त्या पंगतींत जात पाहून पान मांडीत. भोजनगृहांत निदान पैसा जात विचारीत नाहीं."

हा दुसरा आक्षेप मला झटकून टाकतां येत नाहीं, आणि टाकूंही नये. ज्या आतिथ्याची आपण थोरवी गातों त्याच्या पंक्तिप्रपंचानें किती माणसें अंगणांत ताटकळत ठेवलीं, याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. तथापि पैसा जात विचारीत नाहीं, हेंही पूर्ण खरें नाहीं. माझ्या लहानपणीं आमच्या तालुक्यांतील एका चहाच्या दुकानाच्या खिडकींत कांहीं गिऱ्हाइकांसाठीं निराळ्या कपबशा ठेवलेल्या मीं स्वतः पाहिल्या आहेत. चहाची किंमत दोघांना सारखीच होती. कप मात्र वेगळे. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, उपाहारगृहें, हॉटेलें यांत प्रवेश करण्याच्या बाबतींत जातीमुळें कोणासही अडवूं नये, असें मुद्दाम लिहावें लागलें, तें याचकरितां. समता पैशानें आणली नाहीं. कायद्याला ती आणावी लागली, आणि कायद्यालाही ती दारापर्यंतच आणतां आली. दाराच्या आंत, टेबलाच्या अलीकडचा आणि पलीकडचा, या दोन माणसांचें नातें कसें असावें, हें ठरविणें आपल्याकडे उरतें.

मग पहिल्या आक्षेपाचें काय? मला वाटतें, किंमत आणि ऋण या एकाच मोजमापाच्या दोन राशि नव्हेत. किंमत वस्तूची असते, ऋण माणसाचें असतें. माझ्या धंद्यांतलें उदाहरण घेतों. विद्यार्थी शुल्क भरतो आणि मी वेतन घेतों. विद्या फुकट देतों असा आव मला आणतां येणार नाहीं. तरी एखादा विद्यार्थी, "शुल्क भरलें आहे, शिकवितां त्यांत विशेष तें काय?" असें म्हणाला, तर त्याचें विधान हिशेबानें बिनचूक असूनही तो चुकला, असें त्याचे आईबापसुद्धां म्हणतील. वैद्याची गोष्टही तीच. कान्टनें माणसास केवळ साधन समजूं नये असें सांगितलें, त्यांतला 'केवळ' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. आपण एकमेकांचीं साधनें होतोंच. त्यावांचून संसार चालणार नाहीं. दोष 'केवळ' होण्यांत आहे. मीं त्या मुलाला पत्रकांतील पदार्थ आणून देणारें केवळ एक यंत्र मानलें, आणि यंत्र बिघडलें म्हणून आवाज चढविला.

हा भेद दुसऱ्या टोंकाकडून पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. पोर्ट ब्लेअरला आम्ही सेल्युलर जेल पाहिला. १८९६ मध्यें त्याचें बांधकाम सुरू झालें, १९०६ मध्यें पुरें झालें. मराठी माणूस तेथें प्रथम सावरकरांची कोठडी शोधतो. १९११ ते १९२१ अशीं दहा वर्षें ते तेथें होते. मला मात्र त्या दिवशीं १९३३ सालची गोष्ट राहून राहून आठवत होती. त्या वर्षीं मे महिन्यांत राजबंद्यांनीं माणसासारखी वागणूक मिळावी म्हणून अन्नत्याग केला. सरकारनें त्यांच्या पोटांत बळजबरीनें अन्न घालण्याचा प्रयत्न केला. महावीर सिंह, मोहनकिशोर नामदास आणि मोहित मैत्र हे तिघे त्यांत मरण पावले. अन्न समोर होतें, नव्हे, नळीनें घशांत उतरविलें जात होतें. नव्हतें तें देणाऱ्याच्या डोळ्यांत घेणाऱ्याचें माणूसपण. तेवढें नसेल तर अन्नही नको, असें म्हणणारीं माणसें ज्या भूमींत झालीं, तेथून दोन तासांच्या बोटीवर मी भेंडी नाहीं म्हणून तक्रार करीत होतों.

त्याच बेटांवर दुसरें एक लाजिरवाणें दृश्य घडून गेलें आहे. जारवा लोकांच्या राखीव अरण्यांतून उत्तरेकडे जो रस्ता जातो, त्यावरून जाणारे प्रवासी मोटारींतून त्यांच्यापुढें केळीं आणि बिस्किटें टाकीत. अन्नाच्या लालचीनें जारवा स्त्रियांना नाचावयास लावल्याचें चित्रण २०१२ मध्यें जगापुढें आलें आणि सगळीकडे संताप झाला. तो योग्यच होता. अन्न देणें कायद्यानें मना आहे, असे फलक त्या वाटेवर लावलेले आहेत. 'अन्नदान करूं नका' असें सांगावें लागावें, हें अन्नदानाला पुण्य मानणाऱ्या आपल्या लोकांना चमत्कारिक वाटेल. परंतु तें दान नव्हतेंच. तें टाकणें होतें. आणि येथें माझ्या मनांतील खडा सांपडला. आपण बिस्किट टाकतों, पानांत अन्न टाकतों, आणि पैसे टाकतों. तिन्ही ठिकाणीं क्रियापद एकच आहे, आणि तिन्ही ठिकाणीं समोरचा माणूस आपल्या नजरेबाहेर गेलेला असतो. उलट, जेवणाच्या बाबतींत आपल्या भाषेनें 'वाढणें' हा केवढा अर्थपूर्ण शब्द दिला आहे! पीक वाढतें, मूल वाढतें, आणि ताटांत भातही वाढतात. पुढें आणून आदळलेल्या अन्नाला आपण 'वाढलें' असें म्हणत नाहीं.

किंमत फिटली तरी ऋण उरतें, हें आमच्या जिल्ह्यानें फार पूर्वींच जाणलें आहे. ज्वारीचें कोठार म्हणून प्रसिद्ध असलेल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत बादशाही कोठारें भुकेल्यांना उघडून दिलीं, आणि विठ्ठलानें महाराचें रूप घेऊन बेदरच्या दरबारांत त्या धान्याची किंमत भरली, ही आख्यायिका मराठी घरांत सर्वांस ठाऊक आहे. तिचा शेवट मात्र आपण घाईनें ऐकतों. बादशहाचा हिशेब चुकता झाला, पावती मिळाली. दामाजीपंत तेवढ्यावर निश्चिंत झाले नाहींत. आपल्यासाठीं देवाला हे कष्ट पडले या जाणिवेनें त्यांनीं चाकरी सोडली, असें ती कथा सांगते. खजिन्याच्या वहींत जें मिटलें तें त्यांच्या मनांत उघडेंच राहिलें. याच मंगळवेढ्याशीं ज्यांचें नांव निगडित आहे त्या बसवेश्वरांच्या परंपरेंतील दासोहाची कल्पनाही अशीच आहे : अन्न देणाऱ्यानें दाता म्हणून उंच न होतां सेवक व्हावें. देणारा इतका नम्र व्हावयाचा, तर घेणाऱ्यानें नोट ठेवून ताठ मानेनें उठणें हें कसें शोभावें?

यावर कोणी म्हणेल, तर मग गिऱ्हाइकानें काय पायां पडावें? तसें नव्हे. कृतज्ञतेचें प्रदर्शन वाढप्याला नकोच असतें. आणि कृतज्ञता ही पगाराच्या जागीं उभी राहूं शकत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. वाढप्याला पुरेसें वेतन आणि बसून जेवावयास वेळ मिळणें हा त्याचा हक्क आहे. माझें बक्षीस ही त्याची भरपाई नव्हे. माझें कर्तव्य याहून लहान पण रोजचें आहे. पोटाचा अंदाज घेऊन मागावें. 'नाहीं' हें उत्तरही उत्तर म्हणून स्वीकारावें. परक्या बेटावर घरचाच स्वयंपाक मिळावा असा हट्ट धरूं नये. पानांत टाकूं नये. आणि वाढणाऱ्याच्या तोंडाकडे एकदां तरी पहावें. भोजनगृहाचें 'कोण, कुठला' न विचारणें आणि जुन्या घराचें 'या जेवायला' म्हणणें, या दोहोंची सांगड घालणें इतकें अवघड नसावें. त्या पडवींतल्या मुलानें ती घातलीच होती. त्यानें माझी जात विचारली नाहीं, आणि माझें मघाचें बोलणेंही मनांत ठेवलें नाहीं.

हें लिहून मी सुधारलों आहें असा दावा करीत नाहीं. परवांच येथल्या एका खाणावळींत भाकरी यावयास उशीर झाला, तेव्हां कपाळाला आंठी पडलीच. फक्त आवाज चढला नाहीं. पण एक गोष्ट निश्चित वाटते. त्या दुपारीं मी पडवींत दोन मिनिटें टेंकलों असतों आणि त्या ताटांतली, माझ्या मुलांनीं टाकलेलीच पपईची भाजी एक घांस खाल्ली असती, तर पुढच्या दालनांतला माझा हिशेब खरा मिटला असता. आतां कोणी अंदमानांतल्या जेवणाविषयीं विचारलें, तर सगळें मिळतें असें मी सांगत नाहीं. तेथें आम्हांला एकानें जेवावयास बोलाविलें होतें आणि आम्ही बसलों नाहीं, एवढें सांगतों.