पिशवीची गाठ

अंबरनाथचं शिवमंदिर इ.स. १०६० मधलं. तिथल्या नंदीला हात जोडून आपण घरी येतो आणि शिळी पोळी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकून देतो. गायीला गाठ कुठे सोडता येते? ती पोळीसकट पिशवीच गिळते. पिशवी पचत नाही, पोटात साचत जाते. मुलांनो, ओला कचरा वेगळ्या डब्यात टाकायचं काम आजपासून तुम्ही मागून घ्या.

गायीसारखेच हाल पाखरांचेही होतात. उल्हासनगर असो की बदलापूर, संक्रांत सरली तरी झाडांत अडकलेला मांजा पाखरांचे पंख कापत राहतो. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे. दुकानदाराने दिला तरी घेऊ नका. जमिनीवर पडलेला मांजा कात्रीने बारीक कापून कचऱ्यात टाका. विजेच्या तारेवरच्या मांजाला मात्र हात लावू नका.

मुक्या जिवांच्या वतीने घरात हट्ट तुम्हीच धरा!