कलीला राग कशाचा आला?

नळ-दमयंतीची गोष्ट म्हटली की आपल्याला राजहंस आठवतो. कवी रघुनाथ पंडितांनी तो मराठी माणसाच्या मनात कायमचा बसवला. मी गडचांदूरला श्रावणात बायांना पोथी वाचून दाखवते, आणि मला त्या गोष्टीतल्या कलीनं फार दिवस छळलं आहे. आपण सगळे रोज रात्री टीव्हीसमोर बसतो तेव्हा तो आपल्यात येऊन बसतो, असं मला खरोखर वाटतं.

महाभारताच्या वनपर्वातली ही हकीकत. दमयंती आपल्या विदर्भाचीच, कुंडिनपूरची. अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर ते हेच, असं आपण मानतो. तीच वर्धा पुढं आमच्या राजुऱ्याकडं येते. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण, यम असे चार देव आले. तिचं मन नळावर बसलेलं पाहून चौघांनीही नळाचंच रूप घेतलं. मांडवात पाच नळ! तिनं हात जोडून देवांनाच विनवलं, की मी मनानं नळाला वरलंय, तुम्ही आपलं खरं रूप दाखवा. मग तिला दिसलं: चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातले हार ताजेच आहेत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याच्या अंगावर धूळ होती, घाम होता, त्याची सावली पडली होती. तिनं त्या धुळीच्या माणसाला माळ घातली.

देवांना तिला उचलून नेणं अवघड नव्हतं. पण तिनं नाही म्हटल्यावर त्यांनी सोंग उतरवलं, नळाला प्रत्येकी दोन असे आठ वर दिले आणि वाट धरली. त्यांचं देवपण मला त्या आठ वरांत दिसतं.

वाटेत कली भेटला. स्वयंवराला निघालेला, पण उशीर झालेला. इंद्र म्हणाला, ते उरकलं, आणि आमच्या संमतीनं उरकलं. ज्यांना नकार मिळाला ते शांत होते. ज्याला दमयंतीनं पाहिलंही नव्हतं तो पेटला. देव समोर असताना हिनं माणूस निवडला, हिला शिक्षा झालीच पाहिजे! मग 12 वर्षं तो टपून बसला. नळ एकदा पाय न धुता संध्येला बसला, तेवढं निमित्त धरून त्याच्या अंगात शिरला आणि द्यूतात त्याचं सगळं राज्य घालवलं.

हाच कली टीव्हीसमोर कसा येऊन बसतो ते सांगते. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका 2016 साली सुरू झाली. राधिका नागपूरची, आपल्या बोलीत बोलणारी, म्हणून आमच्याकडं तिचा जीव की प्राण. नवऱ्यानं फसवलेली ही बाई, आणि तिच्या पाठीशी उभा राहिलेला सौमित्र. शेजारच्या काकू मेथी निवडता निवडता म्हणायच्या, "काहून वं, येवढं केलं त्यानं हिच्यासाठी, अन् हिले समजतच नाही!" त्यांचा बारावीतला नातू मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचा, "भाव खाते आजी ते." सौमित्रच्या वतीनं तक्रार आमच्या ओसरीवर चालली होती. पुढं मालिकेत राधिकाचं सौमित्रशी लग्न झालं, तेव्हा उधारी वसूल झाल्यासारखे सगळे खूश झाले.

ही उधारी कुठून आली? शास्त्रानं माणसावर तीन ऋणं सांगितली: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. आपल्यावर कुणी प्रेम केलं म्हणून त्याचं देणं लागतो, असं चौथं ऋण कुणी सांगितलेलं नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात माणसाचा अधिकार कर्मापुरता ठेवला, फळावर ठेवला नाही. चांगुलपणा हेही कर्मच. तो करून बाईचं मन पदरात पडावं असा हक्क सांगितला, की तो चांगुलपणा उरत नाही, व्यवहार होतो.

मालिका म्हणजे नुसती करमणूक, असं मला पुष्कळ जण सांगतात. मालिका पाहून कुणी गुन्हेगार होतो, असं मीही म्हणत नाही. पण 3 फेब्रुवारी 2020च्या सकाळी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला, नकाराच्या रागातून एकानं पेट्रोल टाकून पेटवलं. 10 फेब्रुवारीला ती नागपुरात वारली. दोन वर्षांनी त्याच तारखेला कोर्टानं गुन्हेगाराला जन्मठेप दिली. हल्ला झाला त्या आठवड्यात आमच्याच भागातल्या एसटीत मी माझ्या कानांनी ऐकलं, "तिनंच आधी आशा लावली असंल." बोलणारा चांगला बापमाणूस होता, मुलीला सोडायला निघालेला. त्या प्राध्यापिकेनं त्याचं काय बिघडवलं होतं? ओळखही नसलेल्या पुरुषाचा राग त्यानं आपल्या डोक्यावर घेतला होता. कलीनं दुसरं काय केलं होतं?

बायांनो, येत्या श्रावणात नळाख्यान लावाल तेव्हा माळ पडली की पोथी मिटू नका. कलीचा भाग पुरता वाचा, आणि घरातल्या पोरांना, नातवांना, नवऱ्यांनाही ऐकायला बसवा.