मुलें घर सोडून जातात तेव्हां

मुलें मोठीं होऊन शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं घर सोडून जातात, तेव्हां आईच्या मनाला जें दुःख होतें, तें तिचा विश्वास उणा असल्याचें चिन्ह आहे काय? आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न वारंवार निघतो. एखादी माता प्रार्थनेच्या वेळीं डोळ्यांस पदर लावते, आणि शेजारची बाई तिला म्हणते, “अगं, लेकरूं देवाच्या हातीं सोंपविलेंस ना? मग रडतेस कशाला?” हा बोध प्रेमानें केलेला असतो, यांत संशय नाहीं, परंतु तो यथार्थ आहे कीं नाहीं, याचा विचार केला पाहिजे.

लेकीच्या वियोगाची आपल्या मातांस जुनी ओळख आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासरीं गेलेल्या लेकीची आठवण पुनःपुन्हां येते. शिवाय त्या वियोगाला रीत आहे. शिदोरी बांधून देतात, सणाला मूळ पाठवितात. मुलगा पुण्या-मुंबईकडे नोकरीला निघाला, म्हणजे मात्र “पोराचें बरें झालें” असेंच सर्व म्हणतात, आणि आईला रडावयाला जागाच उरत नाहीं. घरीं तिचा हात सवयीनें दोन भाकरी अधिक थापतो, आणि मग तिच्या ध्यानांत येतें कीं, खाणारा येथें नाहीं.

आतां हन्नेकडे पाहा. देवाजवळ मागून घेतलेला पुत्र शमुवेल, त्याचें अंगावरचें दूध तुटल्यावर, तिनें शिलो येथें एली याजकाच्या स्वाधीन केला. याहून मोठें दान आईच्या हातून काय होणार? तरी ती त्याला विसरली नाहीं. दरवर्षीं यज्ञासाठीं पतीबरोबर जातांना ती एक लहानसा झगा शिवून नेत असे. या मायेला शास्त्र दोष देत नाहीं. उलट एली त्या पतिपत्नीस आशीर्वाद देतो. तेव्हां देवाला दिलेल्या लेकराची आठवण होणें हा अविश्वास नव्हे.

परंतु आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मूल दृष्टीआड असतां हन्नेनें माप कोठून आणलें असेल? गेल्या वर्षाच्या मापानें शिवलेला झगा यंदा त्याच्या अंगांत जावयाचा नाहीं. वर्षभरांत हात किती लांबले, खांदे किती रुंदावले, याचा अदमास तिला मनांतच करावा लागला असेल. आपल्यांतील पुष्कळ आया येथेंच चुकतात. माया सोडावयाची नसते, जुनें माप सोडावयाचें असतें. तीस वर्षांच्या मुलाला पांच वर्षांच्या पोराप्रमाणें हुकूम करणें, त्याच्या संसारांत सुनेला दुय्यम मानणें, “तुझ्यासाठीं मीं खस्ता खाल्ल्या” असें म्हणून मायेचें कर्ज वसूल करणें, हें तोकडा झगा बळेंच अंगांत घालण्यासारखें आहे. अशानें शिवण उसवते आणि दोघांसही दुःख होतें.

तर मग आईनें देतच राहावें आणि मुलांवर कांहींच बोजा नसावा काय? तसें नाहीं. पांचवी आज्ञा केवळ लहान मुलांसाठीं नाहीं. आईनें माप वाढवावें, तर मुलांनीं तें तिला कळवावें. घरीं पैसे पाठविले म्हणजे कर्तव्य सरलें, असें कोणी समजूं नये. आपण काय करतों, कशाची चिंता वाहतों, कोणत्या गोष्टीनें आनंदलों, हें फोनवर चार शब्दांनीं सांगावें, आणि वर्षांतून एकदां तरी दाराशीं उभें राहावें.

आणि उपदेशकबंधूंनो, अशी माता रडतांना दिसली, तर तिला विश्वासाचा पाठ देण्याची घाई करूं नका. तिच्याजवळ बसून आधीं लेकराची खुशाली विचारा. तिच्या बोलण्यांत मूल अजून लहानच राहिलें असेल, तर तें आतां केवढें झालें आहे, हें तिला हळुवारपणें उमगूं द्या.