लांबलेली मान

अंग बाहेर येतं म्हणजे गर्भाशयाची पिशवी खाली घसरली, असं आपण धरून चालतो. कित्येक बायकांच्या बाबतीत ते अर्धंच खरं असतं. पिशवी फारशी हललेली नसते. हाताला लागते ती तिची लांबलेली मान, म्हणजे ग्रीवा. एरवी ही ग्रीवा तीनेक सेंटिमीटरची. एमआरआयने मोजलेल्या एका अभ्यासात अंग उतरलेल्या बायकांमध्ये ती सरासरी ३६ टक्क्यांनी लांब भरली, आणि अंग जितकं खाली तितकी ती अधिक लांब.

असं का होतं? जुना तर्क साधा आहे. वरून बंध धरून ठेवतात, खालून सैल झालेल्या योनीच्या भिंती ओढतात, आणि मधली मान ताणली जाते. तो खरा असेल तर लांबलेली ग्रीवा ही केवळ बिघाडाची नव्हे, वर काहीतरी अजून घट्ट असल्याचीही खूण ठरते. पण काही जणींची ग्रीवा जन्मतःच लांब असते, एकही बाळंतपण न होता. तिथे आधी काय आणि मागून काय, हे एकदाच केलेल्या मोजमापातून उलगडत नाही. ज्याला आपण ऐटीत ‘जोखीम घटक’ म्हणतो, ते पुष्कळदा नुसतं सोबत आढळणं असतं.

वयाचंही तसंच. अंग उतरण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. पण पाळी गेल्यावर गर्भाशय आणि ग्रीवा आक्रसत जातात. म्हणून पाळी चालू असलेल्या बाईत लांब ग्रीवेची शंका आधी घ्यावी. बाकीच्या कारणांची यादी अंग उतरण्याचीच: लागोपाठ बाळंतपणं, रेंगाळलेली प्रसूती, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, जड उचलणं. या जड ओझ्यात डोक्यावरचा हंडाही आला; तो बाईच्या शरीराचा भाग नव्हे, तरी नोंद तिच्याच केसपेपरवर होते. बाळंतिणीने सव्वा महिना जड उचलू नये हा आपला रिवाज शहाणपणाचा खरा, पण तो पाळणं परवडतं ते घरात दुसरे हात असतील तिलाच.

आता उपचार. मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी १८८८ साली जी शस्त्रक्रिया सुरू केली, तिच्यात लांबलेली ग्रीवाच कापत आणि पिशवी ठेवत. गोव्यात जन्मलेले, मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. वि. ना. शिरोडकर त्याही पुढे गेले: पुढे मूल हवं असलेल्या बाईची ग्रीवाही न कापता आधार द्यायचा. डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाच्या पट्ट्यांनी ग्रीवा वर बांधली. पिशवी राखण्याची ही विद्या आपल्याच मुंबईत घडली, आणि २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या इतक्या पिशव्या का काढल्या गेल्या याची चौकशी करायची वेळही आपल्याच राज्यावर आली.

उलट बाजूही आहे. पिशवी वर टाके घालून बांधली, पण लांबलेली मान तशीच राहिली, तर तक्रार परत येऊ शकते. म्हणून संमतिपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: पिशवी उतरली आहे की मान लांबली आहे, आणि ते मोजून पाहिलंत का?